समुद्राकाठचे भाड्याचे घर

मुंबईस नोकरी लागलेल्या मुलाचा घरी पहिला निरोप येतो तो बहुधा पगाराचा नसतो, घराचा असतो. "घर मिळाले. समुद्र जवळ आहे. खिडकीतून थोडे पाणीही दिसते." आईबापांना धन्य वाटते. देशावरच्या माणसाला समुद्र म्हणजे सहलीला जाऊन पाहावयाची वस्तू. ती मुलाला रोज फुकट पाहावयास मिळणार ह्याचे त्यांना अप्रूप वाटते. फुकट ह्या शब्दाविषयी आम्हांला थोडे बोलावयाचे आहे. गेली बारा वर्षे आम्ही अंधेरीच्या पश्चिमेस, वेसाव्याच्या बाजूला भाड्याने राहतो. ह्या बारा वर्षांत आमची चार घरे झाली. तेव्हा जे सांगतो आहोत ते काही पुस्तकातले आणि बरेचसे सामान बांधता-सोडता कळलेले आहे.

वेसावे हे कोळ्यांचे गाव. कागदोपत्री व मेट्रोच्या पाटीवर त्याचे वर्सोवा झाले, पण गावचा माणूस स्वतःस वेसावकर म्हणवितो. मालाडच्या खाडीच्या मुखाशी हे गाव वसले आहे. समोर मढ, मध्ये पाणी, आणि ते ओलांडावयास तर. मुंबई शहर निराळे आणि हा साष्टीचा मुलूख निराळा. माहीम व वांद्रे ह्यांच्यामधली खाडी १८४५ साली पुलवाटेने बांधून काढली, १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी धावली आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. उपनगर ह्या शब्दाला खरा अर्थ ह्या विजेच्या गाडीने आणला. कोटात नोकरी करून रात्री अंधेरीस निजावयास जाणे कारकुनाच्या आवाक्यात आले. पुढे १९५० व १९५७ साली दोन टप्प्यांत उपनगरे महापालिकेच्या हद्दीत गेली. वेसावे मात्र स्टेशनापासून सुमारे पाच किलोमीटर आत राहिले. अंधेरीस उतरून बसच्या रांगेत उभे राहण्याचा जो वेळ होता, तो घराच्या भाड्यातून वजा होत असे. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि ती वजाबाकी संपली. त्या वर्षी आमच्या घरमालकांनी करार पुन्हा करताना मेट्रोचा उल्लेख दोनदा केला, एवढे आम्हांला पक्के आठवते.

आता भाड्याकडे वळू. येथे थोडे थांबावे लागेल, कारण मुंबईच्या भाड्याचा इतिहास कळल्यावाचून तेथली घरमालक मंडळी अशी का वागतात हे कळत नाही.

आमच्या पहिल्या इमारतीच्या मागे एक जुनी दुमजली इमारत होती. तीत राहणारे एक गृहस्थ महिन्याला जेवढे भाडे देत, तेवढ्यात आमच्या घरी दोन दिवसांचे मासेही आले नसते. आम्ही देत होतो ते भाडे त्यांच्या कित्येक पटींनी होते. दोन्ही घरांस वारा तोच आणि पाणीही तेच. हा फरक घराचा नव्हे, कायद्याचा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई झाली व भाडी भडकली, म्हणून १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या युद्धात तेच घडले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला व त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे म्हणून धरले. हेतू चांगला होता. फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, आणि भाडेकरूला रस्त्यावर काढणे सोपे असते तर काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतीमागून मुदत वाढवून घेत पन्नास वर्षे चालला. डाळ, तांदूळ, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळे वाढले. भाडे तेवढे १९४० सालात उभे राहिले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाड्यातून चुन्याचा हातही निघत नव्हता, मग तो ती कशातून करणार? जागा हस्तांतरित करताना वरकड पैसा घ्यावयाचा, त्याला पागडी म्हणत. तो गुन्हा होता, आणि साऱ्या शहराला त्याचा दर ठाऊक होता.

मालकांनी मग एक पळवाट काढली. जागा भाड्याने द्यावयाची नाही, वापरण्याची परवानगी द्यावयाची. भाडेकरू आणि परवानाधारक हा भेद जुनाच, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातला. भाडेकरूला जागेत काही हक्क मिळतो. परवानाधारकाला जागेत येण्याजाण्याची व राहण्याची मुभा मिळते, हक्क मिळत नाही. पाहुणा आणि जावई ह्यांच्यात जो फरक, तोच हा म्हणा. ह्या परवान्यावर हजारो कुटुंबे राहू लागली. सरकारने १९७३ साली कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांना एका दिवसात भाडेकरू ठरविले. पाहुण्याचा जावई झाला. ज्यांची घरे वाचली त्यांना आनंद झाला असणार, आणि तो वाजवीच होता. पण मालकांनी ह्यातून जो धडा घेतला तो असा, की घर कोणालाच देऊ नये. एकीकडे माणसे खोली शोधीत फिरत आहेत आणि दुसरीकडे फ्लॅट कुलूप लावून ठेवलेले आहेत, हे दृश्य मुंबईने पुढे कितीतरी वर्षे पाहिले. कंपनीला देईन, बँकेला देईन, पण कुटुंबाला देणार नाही, असे मालक म्हणत ते ह्यामुळे.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठविलेले भाडे अवाजवी व मनमानी असल्याचे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने ठेवले, मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेण्याची मुभा दिली आणि पागडीला कायद्याच्या दारातून आत घेतले. परवान्यावर दिलेले घर मुदत संपल्यावर परत मिळेल ही हमीही त्याने मालकाला दिली. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत; वेगळा सक्षम अधिकारी आहे. कुलपे हळूहळू उघडली. आज तुमचा मुलगा वेसाव्यात, जुहूला, खारदांड्याला ज्या घरात राहतो ते घर त्याला मिळाले ह्या कायद्यामुळे, आणि अकरा किंवा चोवीस महिन्यांनी त्याला ते सोडावे लागेल तेही ह्याच कायद्यामुळे. आम्ही बारा वर्षांत चार घरे बदलली ती आमच्या चंचल स्वभावामुळे नव्हे.

अकरा महिन्यांचे गूढ अनेकांना पडते. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केली पाहिजे असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. ती टाळावी म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात ही युक्ती केव्हाच निकामी झाली आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद निघाला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरावे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, असे कायदा म्हणतो. "नोंदणी कशाला, उगाच खर्च," असे जेव्हा मालक म्हणतो तेव्हा तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. पण मुलाने त्याच्या पायाची चिंता करण्याऐवजी आपला करार नोंदवून घ्यावा हे बरे.

खर्च किती तो पाहा. समजा, भाडे महिना चाळीस हजार, मुदत चोवीस महिने, परत मिळणारी अनामत दोन लाख. भाड्याची बेरीज नऊ लाख साठ हजार. अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरावयाचे, म्हणजे दोन वर्षांचे चाळीस हजार. एकूण दहा लाख. त्यावर मुद्रांकशुल्क शेकडा पाव टक्का, म्हणजे अडीच हजार रुपये. आणि शहरात नोंदणी फी एक हजार. साडेतीन हजारांत कागद पक्का होतो. दलालाला आपण हसत हसत एक महिन्याचे भाडे देतो, त्यामानाने हे काहीच नव्हे.

मात्र कागद कितीही पक्का असला तरी त्यात समुद्राचे नाव नसते. आमचे जे नुकसान झाले ते येथे.

आमचे दुसरे घर पश्चिमाभिमुख होते. चौथा मजला, समोर दोन इमारती आणि त्यांच्या फटीतून समुद्र. दिवाळीनंतर त्या सज्जात बसावे आणि दुसरे काही करू नये असे ते घर. पहिला पाऊस आला आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो आडवा आत घुसला. खिडकीच्या चौकटीखालून पाणी आले, भिंतीने ते पिऊन घेतले, पंधरा दिवसांत रंगाला फुगे आले आणि गणपतीपर्यंत पोपडे पडू लागले. ह्याला लोणा लागणे म्हणतात. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो, पितळेची समई चार दिवसांत काळवंडते, पंख्याच्या पात्यावर तांबूस ठिपके येतात. वातानुकूलन यंत्राचा बाहेर टांगलेला भाग दोनतीन पावसाळ्यांत गंजून गळू लागतो. ह्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. लाट फुटते तेव्हा पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, पाणी सुकते आणि मीठ वाऱ्याबरोबर गावात येते. घरातली प्रत्येक वस्तू थोडी थोडी खारवली जात असते.

इमारतीचेही तेच होते आणि ते अधिक गंभीर आहे. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा राहतो व ती गंजत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत जाते आणि सळईपाशी पोहोचले की तो पापुद्रा मोडते. बांधताना खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर हा शत्रू पहिल्या दिवसापासून घरातच असतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती आतून दाब देते, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते, चिरेतून आणखी पाणी व मीठ जाते आणि एके दिवशी छताचा थर ताटासारखा खाली येतो. छज्जे, सज्जे, न्हाणीघराच्या बाहेरची नळांची बोळ ही पहिली दुखणारी ठिकाणे. घर पाहावयास गेलात तर समुद्र नंतर पाहा. आधी सज्जात उभे राहून वर पाहा. तांबूस ओघळ आणि सरळ रेषेतली चीर दिसली, की नवा रंग कशासाठी दिला आहे ते उमगेल.

आमच्या सज्जाच्या छताचा असाच एक तुकडा श्रावणात पहाटे पडला. सुदैवाने खाली फक्त तुळशीची कुंडी होती. घर सोडताना मालकांनी अनामतीतून मोठी रक्कम कापली: सज्जाची मोडतोड, भिंतींची खराबी. आम्ही म्हटले, ही खराबी समुद्राची आहे. ते म्हणाले, समुद्र पन्नास वर्षे येथे आहे, खराबी तुमच्या दोन वर्षांत झाली. वास्तविक छताची दुरुस्ती त्यांनी आणि त्यांच्या सोसायटीने आपसांत ठरवावयाची होती. आमचा तिच्याशी संबंध नव्हता. पण करारात "जागा होती त्या स्थितीत परत करीन" एवढेच वाक्य होते, आणि जागा कोणत्या स्थितीत होती ह्याचा पुरावा आमच्यापाशी नव्हता. पुढच्या घराची अनामत आठ दिवसांत भरावयाची होती, म्हणून मिळाले ते घेऊन निघालो. मालक दुष्ट नव्हते. वयस्कर गृहस्थ, निवृत्त, त्या भाड्यावर त्यांचे औषधपाणी चाले. दुरुस्तीचा खर्च त्यांनाही जड होता; तो आमच्याकडे ढकलणे त्यांना सोपे गेले, इतकेच. तेव्हापासून आम्ही घरात शिरताना सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, छताचे, नळाचे छायाचित्र काढतो आणि त्याच दिवशी मालकांना पाठवितो. करारात दोन ओळी अधिक घालून घेतो: इमारतीच्या बांधणीचे, बाहेरच्या गळतीचे आणि खाऱ्या हवेने होणारे नुकसान राहणाऱ्याकडे लागू नाही. तिसऱ्या मालकांनी ह्या ओळी वाचून भुवया उंचावल्या, पण सही केली.

पाण्याविषयी एक गोष्ट राहिली. समुद्राकाठच्या माणसाला पाऊस एकटा भीत घालीत नाही. पाऊस आणि भरती एकत्र आली की भीती. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. अशा वेळी शहराच्या नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातच भरती होती. काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तळमजल्याचे घर घेताना दलालाला विचारू नये. तो "कधीच नाही" असे म्हणतो. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे, की तुमची पोती कोणत्या फळीवर ठेवता.

आता शेजाराविषयी. आमचे तिसरे घर जवळजवळ ठरले होते. दलालाने शेवटी हळूच विचारले, "जेवणात काय?" आम्ही सांगितले, मासे. घर गेले. सोसायटीतल्या मंडळींना वास चालत नव्हता. त्या घराच्या गच्चीवरून कोळीवाडा दिसत होता, बांबूंच्या मांडवांवर ओळीने वाळत घातलेले बोंबीलही दिसत होते, आणि वारा तिकडूनच वाहत होता! ज्या गावाने ह्या किनाऱ्याला नाव दिले त्याचे अन्न खाणाऱ्याला तेथे घर मिळू नये, हा न्याय आम्हांला आजवर उमगलेला नाही. एकट्या मुलीला, अविवाहित मुलाला, परधर्मीयाला हा अनुभव आमच्याहून पुष्कळ अधिक येतो, आणि कारण दर वेळी जेवणाचेच सांगितले जाते असेही नाही. मालकाची हरकत नसते. सोसायटीचा दबाव असतो. त्याच सोसायट्या बाहेर राहणाऱ्या मालकाकडून भाड्याच्या घरासाठी जादा आकार घेतात. पूर्वी तो मन मानेल तितका घेत. २००१ साली सरकारने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घ्यावयाचा नाही असे ठरविले. पैशापुरता नियम झाला. माणसाला दारातून परत पाठविण्याविषयी असा सोपा नियम कोणी केलेला नाही.

त्या दिवशी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीणबाईंनी घरातल्यांना विचारले, "काय गो बाय, घर सोताचा का भाऱ्याचा?" भाड्याचे म्हटल्यावर त्या हसल्या. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या त्यांनीही भाड्याने दिल्या आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा घर त्या खोल्यांवर चालते. भाडेकरू बिहारचे दोन तरुण, चित्रपटांच्या मंडपांना दिवे लावणारे. पण खुद्द कोळीणबाईंच्या घराची हद्द कोठे संपते हे सांगणारा कागद नीट नाही. कोळीवाड्यांचे सीमांकन व्हावे ही मागणी मुंबईत वर्षानुवर्षे चालू आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मनोरे, किनाऱ्यावर १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध. मुलांची लग्ने झाली, वर एक मजला चढवावयाचा तर परवानगी कोणाची? पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून त्यांना जो प्रश्न पडतो तो आम्हांला अकरा महिन्यांच्या हिशेबाने पडतो.

सध्या आमचे चौथे घर चालू आहे. इमारत चाळीस वर्षांची आहे. तीस वर्षांवरील इमारतीची संरचना-तपासणी करावी लागते. तशी ती झाली आणि सोसायटीने पुनर्विकासाचा घाट घातला. २०१९ च्या शासकीय निर्देशाप्रमाणे एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती पुरते, आणि ती मिळाल्यात जमा आहे. सभासदांना नव्या इमारतीत मोठे घर मिळेल व ते होईपर्यंत विकासक त्यांना भाडे देईल. बैठका गच्चीवर होतात. परवानाधारकास तेथे जागा नाही आणि ती का नाही हे आम्हांला १८८२ पासून ठाऊक आहे. परवा जिन्यात चिटणीस भेटले. त्यांनाही इमारत पडली की तीन वर्षे भाड्याच्या घरात राहावयाचे आहे, पहिल्यांदाच. त्यांनी विचारले, "अनामत किती घेतात हो हल्ली? आणि ते करारात काय काय लिहून घ्यायचे असते?" आम्ही त्यांना घरात बोलाविले, चहा ठेवला आणि आमचा जुना करार काढून त्या दोन ओळी दाखविल्या.